गिधाडे पुष्कळ

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा नुकताच उलटला होता. धारवाडकडची एक तरुण मुलगी कुणाकडून तरी माझं नाव समजलं म्हणून खानापूरच्या आमच्या घरी आली. गिधाडांचा अभ्यास करीत होती. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या भागातल्या रानांत पायी हिंडलेली माणसं शोधायची आणि त्यांना बोलतं करायचं, असं तिचं काम चाललेलं. चहा झाला आणि तिनं कानडी वळणाच्या, पण स्वच्छ मराठीत विचारलं,

“काका, तुम्ही लोकांनी भीमगड, तळेवाडी, चोर्ला, सगळं पायी पालथं घातलंय म्हणे. तेव्हा गिधाडं होती?”

“होती म्हणजे? पुष्कळ होती!”

“एष्टु, काका? पुष्कळ म्हणजे किती? वीस? दोनशे?”

मी जरा गप्प झालो. मग “थांब, आमच्याकडे वह्या आहेत,” असं ऐटीत सांगून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढवली. आमचं दहा-बारा जणांचं टोळकं होतं. कुणी मास्तर, कुणी बँकेत, कुणी वखारीवर. रविवार आला की पाठीवर पिशव्या टाकून निघायचं. वही ठेवण्याचं काम माझ्याकडे, कारण मी मास्तर आणि अक्षर बरं. डिसेंबर १९७८ चं पान सापडलं. ‘माणसे ११. वर्गणी प्रत्येकी १२ रु. बसभाडे, पोहे, गूळ, रॉकेल, बॅटरीचे सेल. वाटाड्यास १० रु.’ असा पैन्‌पैचा हिशेब. आणि त्याच्याखाली एकच ओळ: ‘वाटेत गिधाडे पुष्कळ. मजा आली.’

त्या मुलीनं ती ओळ दोनदा वाचली, हसली, आणि वही हलकेच मिटून माझ्या हातात दिली. उतरवून काही घेतलं नाही. घेण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तारीख नाही, जागा नाही, आकडा नाही. वीस वर्षं रानोमाळ हिंडलेल्या अकरा माणसांच्या सोळा डोळस वह्यांतून शास्त्राला द्यायला एक ओळ निघाली नाही, याचं मला त्या दिवशी जे वाईट वाटलं, ते अजून गेलेलं नाही.

म्हणून मग मी शोधायला लागलो. हौसेनं रानात जाणाऱ्या माणसांनी पगाराशिवाय शास्त्रासाठी नोंदी आणायच्या, ही चाल आली कुठून? मला वाटलं होतं, ही हल्लीची, परदेशातली टूम असेल. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की या गोष्टीचा एक मोठा धागा आपल्याच मुलखातून, कारवार-गोवा-बेळगावच्या सरहद्दीवरूनच जातो. आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, एवढंच.

*

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया म्युझियममध्ये आठ माणसं जमली. निसर्गात सापडणाऱ्या वस्तू एकमेकांना दाखवाव्यात, काय पाहिलं ते सांगावं, एवढाच हेतू. त्यातून ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ उभी राहिली. आठांपैकी दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. हे दुसरे डॉक्टर म्हणजे पुढे स्वतः डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. संस्थेला जागा नव्हती, तेव्हा फिप्सन नावाच्या एका दारूच्या व्यापाऱ्यानं आपल्या दुकानातली खोली दिली. मद्याच्या बाटल्यांच्या शेजारी सापांच्या आणि विंचवांच्या बाटल्या अशी त्या संस्थेची सुरुवात. १८८६ पासून तिचं नियतकालिक निघू लागलं, ते आजही निघतं.

या संस्थेचं वैशिष्ट्य असं की तिच्यात व्यवसायानं प्राणिशास्त्रज्ञ असलेले फारसे कुणी नव्हते. डॉक्टर, फौजी, जंगल अधिकारी, कलेक्टर, व्यापारी, चहा-कॉफीचे मळेवाले असे सगळे हौशी. त्यांतले बरेच शिकारी. नोकरी एक आणि जीव दुसरीकडे, अशी ही मंडळी. बदलीच्या गावी, फिरतीच्या मुक्कामावर जे दिसेल ते लिहून, नाहीतर मारून, कातडं भरून मुंबईला पाठवायचं. आज आपल्याला ते मारणं खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण प्रत्येक कातड्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असे. त्यावर गाव, तारीख, नर की मादी, आणि आणणाऱ्याचं नाव. शंभर वर्षांनी उपयोगी पडते ती बहुधा ती चिठ्ठी.

आठांमधला एक होता एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. याचा जन्म १८५१ सालचा, साताऱ्याचा. बाप मिशनरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षं लॅटिन शिकवून हा गृहस्थ १८७६ साली मीठ आणि जकात खात्यात शिरला आणि उत्तर कॅनरा, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी असा फिरत राहिला. पोर्तुगीज गोव्यातून मीठ चोरून येऊ नये म्हणून घाटवाटांवर नाकी होती. त्या नाक्यांची पाहणी करता करता हा माणूस मुंग्या, बेडूक, पाकोळ्या आणि आपल्या घरातली नोकरमाणसं यांचंही निरीक्षण करी. ‘ईएचए’ या तीन अक्षरांनी त्यानं लिहिलेली खुसखुशीत पुस्तकं इंग्रजी वाचणाऱ्यांच्या तोंडी होती. पण आपल्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. गोव्याच्या सरहद्दीवरच्या नाक्यांवरचे शिपाई हिवतापानं आजारी पडत. १९०२ साली त्याचा तपास करण्याचं काम सरकारनं याच्याकडे दिलं. डास गोळा करता करता त्याला एक नवीच जात सापडली. तिला त्याच्याच नावावरून ‘अ‍ॅनॉफिलिस एटकेनाय’ असं नाव पडलं. जकातीचा अधिकारी, हौशी निसर्गप्रेमी, आणि शास्त्राच्या पुस्तकात नाव मात्र डासाच्या रूपानं! त्याला स्वतःला या विनोदाची गंमत वाटली असणार.

कारवारात त्याला दोन जोडीदार मिळाले. एक जिल्ह्याचे कलेक्टर डेव्हिडसन, आणि दुसरा टी. आर. बेल. बेल मूळचा आयर्लंडचा. १८८४ च्या सुमारास जंगल खात्यात लागला आणि धारवाडला नेमला गेला. या तिघांनी फुलपाखरांचा पिच्छा पुरवला. फुलपाखरू पकडून टाचणीला लावणं सोपं. यांनी उलट बाजूनं सुरुवात केली. अंडी शोधायची, सुरवंट घरी आणून वाढवायचे, कुठला सुरवंट कुठल्या झाडाचं पान खातो ते लिहायचं, कोष कधी झाला, फुलपाखरू कधी निघालं याचा रोजचा हिशेब ठेवायचा. १८९६ साली उत्तर कॅनरा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवरचा तिघांचा लेख संस्थेच्या नियतकालिकात आला. कुठलं झाड तोडलं तर कुठलं फुलपाखरू जाईल, हे आज ज्यांना पाहायचं असतं त्यांना मागे जाऊन या लेखापाशी पोहोचावं लागतं. संरक्षण हा शब्दही तेव्हा त्या अर्थानं कुणी वापरीत नव्हतं. पण संरक्षणाला लागणारी शिदोरी मात्र बांधली जात होती. बेल निवृत्त झाल्यावर मायदेशी परतला नाही. कारवारातच राहिला आणि १९४८ साली तिथेच वारला.

*

आता तळेवाडीकडे येतो, कारण माझी खरी बोच तिथे आहे.

खानापूर तालुक्यात, गोव्याच्या अंगाला, भीमगडच्या रानात तळेवाडी हा छोटा गाव. त्याच्याजवळ बारापेड्याची गुहा. १९११ च्या सुमाराला मुंबईच्या त्या संस्थेनं हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. ती बारा वर्षं चालली. जमलेले नमुने लंडनला जात आणि तिथल्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून ते तपासून लावण्याच्या कामात एक पेन्शनर गुंतलेला असे. त्याचं नाव रॉटन. हिंदुस्थानच्या जंगल खात्यात वरपर्यंत चढून १९०४ साली निवृत्त झालेला. उरलेलं आयुष्य त्यानं या चिठ्ठ्यांच्या आणि कवट्यांच्या ढिगात आनंदानं घालवलं.

बारापेड्याच्या गुहेतून एक वटवाघूळ गेलं. मोठं, गडद तपकिरी, कपाळावर एकमेकांना जुळलेले भलेमोठे कान. १९१३ साली ऑल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञानं ते नव्या जातीचं म्हणून जाहीर केलं आणि त्या म्हाताऱ्या पेन्शनराचं नाव त्याला दिलं: रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ. त्यानंतर जवळजवळ सगळं शतक हे वटवाघूळ वस्ती करून राहतं अशी जगातली एकच जागा माहीत होती, ती म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यातली ही गुहा. २००० नंतर ते मेघालयातल्या गुहांत आणि कंबोडियात सापडलं, तेव्हा कुठे बारापेड्याचा एकटेपणा संपला.

आणि आम्ही? १९७८ च्या त्याच मोहिमेत आम्ही त्या गुहेत शिरलो होतो. अकरा माणसं, चार बॅटऱ्या आणि एक टेंभा. आवाज घुमतो म्हणून ओरडलो. वर फडफड झाली, कुबट वास आला, दोघं-तिघं घाबरून बाहेर पळाले, आणि त्याची नक्कल करीत आम्ही रात्रभर हसलो. वहीत त्याची ओळसुद्धा नाही. जगात दुसरीकडे कुठे माहीत नसलेला जीव आमच्या डोक्यावर लटकत होता आणि आमच्याकडे पोह्यांचा हिशेब होता! गुहेत झोपलेल्या वटवाघळांना उठवणं म्हणजे त्यांच्या अंगातली साठवलेली शक्ती फुकट घालवणं. पिलावणीच्या दिवसांत तर आईच्या अंगावरून पिल्लू खाली पडतं आणि मरतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं हे खरं. पण आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं.

नोंद नुसती करून भागत नाही, ती कुणीतरी वाचावीही लागते, याचीही एक गोष्ट याच कुळातली आहे. १९४८ साली अँगस हटन नावाच्या एका हौशी मळेवाल्यानं मदुरेकडच्या डोंगरात एक वटवाघूळ पकडून मुंबईच्या संस्थेला दिलं. नेहमीच्या फळं खाणाऱ्या वटवाघळांपैकी एक, असं समजून ते खणात पडून राहिलं. चोवीस वर्षांनी, १९७२ साली, थायलंडच्या किट्टी थाँगलाँग्या या अभ्यासकानं तो खण उघडला आणि दातांकडे पाहिलं. ही नुसती नवी जातच नव्हे, तर तिची प्रजातीही (जीनस) स्वतंत्र निघाली. तिला सालिम अलींचं नाव दिलं गेलं. खणातलं प्रेत बोलू शकलं, कारण त्याच्या पायाची चिठ्ठी शाबूत होती. पुढे या दोन्ही वटवाघळांना, मळेवाल्याच्या आणि आमच्या तळेवाडीच्या, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, स्थान मिळालं. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं. त्या मागणीच्या चर्चेत या वटवाघळाचं नाव नेहमी पुढे असे. १९१३ च्या एका कागदाचं वजन जवळजवळ शंभर वर्षांनी असं पडलं.

*

बंदूक जाऊन पेन्सिल कधी आली, तेही सांगायला हवं. अमेरिकेत नाताळच्या दिवशी पैज लावून शिकारीला जायची रीत होती. ज्या टोळीचा ढीग मोठा, ती जिंकली. १९०० सालच्या नाताळात फ्रँक चॅपमन यानं सुचवलं की मारू नका, मोजा. पहिल्या वर्षी पंचवीस ठिकाणी मिळून सत्तावीस माणसं निघाली. ती मोजणी अजून दरवर्षी होते. हुरूप तोच, थंडीतलं हिंडणं तेच, चढाओढही तीच. फक्त संध्याकाळी हातात पक्ष्यांऐवजी आकडे.

आपल्याकडे हे वळण घडवणाऱ्यांत सालिम अलींचं नाव पहिलं. त्यांची म्युझियममधली नोकरी गेली होती. पैसा नाही. तेव्हा त्यांनी संस्थानांना सांगितलं की पगार नको, तंबूचा आणि प्रवासाचा खर्च द्या, तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी मी करून देतो. निजामाच्या हैद्राबादेत १९३१-३२ साली ही पाहणी झाली. पुढे त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर, बडोदे. हा अंक ज्या ज्या गावांतल्या मराठी घरांत जातो, त्यांतल्या कितीतरी गावांची नावं या यादीत आहेत! आपल्या संस्थानांनी गवयांना, पैलवानांना, ग्रंथांना आश्रय दिल्याचं आपण अभिमानानं सांगतो. पक्षी मोजणाऱ्यालाही तंबू दिला होता, हेही त्या यादीत घालायला हरकत नाही. त्यांच्या कामाला विलायतेतून मदत करणारा व्हिस्लर हाही मूळचा पंजाबातला पोलीस अधिकारी. म्हणजे पुन्हा हौशीच!

*

एवढं वाचून झाल्यावर मी परत त्या मुलीच्या प्रश्नापाशी आलो. पुष्कळ म्हणजे किती?

आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायचा माळ होता. तिथे गिधाडांची जत्रा भरे. तासाभरात बैल साफ. त्यांच्याकडे कुणी वर मान करून पाहत नसे, मोजायचं तर दूरच. दुर्मीळ असतं ते माणूस लिहून ठेवतो. रोजचं असतं ते गृहीत धरतो. १९९० नंतर ती कमी झाली आणि एक दिवस दिसेनाशी झाली. केव्हा, ते आमच्यापैकी कुणालाही सांगता येत नाही.

सुदैवानं दुसरीकडे कुणीतरी मोजत होतं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश या अभ्यासकांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली होती. १९८७-८८ साली ३५३ जोड्या. १९९६-९७ साली दीडशे. पुढे काही वर्षांत एकही नाही. तसंच १९९१ ते १९९३ या काळात देशभरात रस्त्यांनी जाता जाता शिकारी पक्षी मोजण्याचं एक काम झालं होतं. ते काही गिधाडांसाठी मुद्दाम केलेलं नव्हतं. पण पुढे त्याच रस्त्यांवर पुन्हा जाऊन मोजलं, तेव्हा तुलनेला आधार मिळाला. २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली होती. कारण २००४ साली जगासमोर आलं. गुराढोरांना दुखण्यावर देण्याचं डायक्लोफिनॅक हे औषध. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. २००६ साली जनावरांसाठी ते औषध आपल्या देशात बंद झालं.

विचार करा, ते ३५३ आणि त्या रस्त्यांवरचे आकडे कुणी लिहिले नसते तर? ‘पूर्वी पुष्कळ होती, आता नाहीत’ एवढंच आपण म्हणत बसलो असतो. आणि ‘पुष्कळ’ या शब्दावर कुठलंही सरकार कुठलंही औषध बंद करीत नाही.

*

आज या कामाला पुन्हा हौशी माणसं लागताहेत, पूर्वीपेक्षा जास्त. अँडीज पर्वताची रांग दोन वर्षं पायी तुडवून आलेल्या ग्रेग ट्रिनिश या अमेरिकन तरुणाला नेमकी आमच्यासारखीच टोचणी लागली: एवढं चाललो, पण त्याचा कुणाला काय उपयोग? २०११ साली त्यानं गिर्यारोहक, होडीवाले, लांब पल्ल्याचे चालणारे यांना शास्त्रज्ञांशी जोडून देणारी संस्था काढली. अभ्यासकाला हिमशिखरावरचा किंवा भरसमुद्रातला नमुना हवा असतो, पण तिथे जायला बळ आणि पैसा नसतो. हौशी माणूस तिथे जातच असतो. मग येताना बाटलीभर पाणी घेऊन येईना का! त्या पाण्यात प्लास्टिकचे डोळ्यांना न दिसणारे कण किती, हे अशा बाटल्यांतून तपासलं गेलं.

आपल्याकडे १९८७ पासून दर जानेवारीत तळ्यांवरच्या पाणपक्ष्यांची गणना होते. २०२३ साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल निघाला, तो तीस हजारांवर पक्षिमित्रांच्या तीन कोटींवर नोंदींतून तयार झाला. कारकून, गृहिणी, डॉक्टर, कॉलेजातली मुलं, सगळे बिनपगारी. हौशी माणसाच्या नोंदीवर विश्वास काय ठेवायचा, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. हौशी माणूस सोयीच्या ठिकाणी जातो, दुर्मीळ दिसलं की फुगवून सांगतो, कावळे-चिमण्या लिहायचा कंटाळा करतो. यावर उपाय म्हणजे साधे नियम. किती वाजता सुरू केलं, किती वेळ पाहिलं, किती चाललो ते लिहा. ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहा, आवडता तेवढाच नको. मग शंभर याद्यांपैकी साळुंकी कितींत आली आणि दहा वर्षांनी कितींत आली, हे ताडून पाहता येतं. एका माणसाची चूक शंभरांत मुरून जाते. आणि या पद्धतीत एक गोष्ट आपोआप साधते: जे दिसलं नाही, तेही नोंदलं जातं.

गेली दोन वर्षं जानेवारीत मी हिडकलच्या पाण्यावर मोजणीला जातो. गुडघे कुरकुरतात, पण दुर्बीण धरून बसायला गुडघे लागत नाहीत. आमच्या गटात कानडी मुलं जास्त. मी ‘चक्रवाक’ म्हणतो, ती त्यांचं नाव सांगतात, आणि वहीत पडतो तो आकडा दोघांचा एकच असतो. या जिल्ह्यात कुठल्या भाषेत पाटी लावावी यावरून आपली आयुष्यं गेली. माझंही थोडं गेलं. पाण्यावर उतरलेल्या बदकांना ते माहीत नाही, आणि चार तास तिथे बसल्यावर आपल्यालाही त्याचा विसर पडतो. हा मला मिळालेला वेगळाच लाभ.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहते, आणि ती सांगायला मला सगळ्यात जड जातं. जुन्या इंग्रज लेखांत ‘शिकारी’, ‘माझा माणूस’, ‘स्थानिक’ असे उल्लेख जागोजागी येतात. गुहा दाखवली ती यांनी, पायवाट काढली ती यांनी, सुरवंट कुठल्या झाडावर ते सांगितलं यांनी. नावं मात्र फार थोडी आली. सस्तन प्राण्यांच्या त्या पाहणीत बाप्टिस्टा नावाचा एक संग्राहक दिसतो, तो अपवाद म्हणायचा. वाचताना मला साहेबांचा राग आला. मग माझीच वही आठवली. ‘वाटाड्यास १० रु.’ तळेवाडीकडचा तो माणूस दोन दिवस आमच्यापुढे चालला. अस्वलाची वाट कुठली, पाणी कुठे, हे सगळं त्याला ठाऊक. गुहेच्या तोंडाशी तो थांबला होता आणि म्हणाला होता, “आत बोंब मारू नगा, त्यास्नी तरास व्हतो.” आम्ही हसलो होतो. आता कळतं, त्या दिवशी आमच्यात निसर्गाचा जाणकार तो एकटाच होता. आणि त्याचं नाव माझ्या सुंदर अक्षरातल्या वहीत नाही.

२०२५ साली तळेवाडीतली काही कुटुंबं पुनर्वसनाची रक्कम घेऊन रानाबाहेर पडली. त्यात त्याच्या घरची होती की नाही, हे मला कुणाला विचारता येत नाही, कारण विचारायला नावच नाही.

गेल्या डिसेंबरात त्या मुलीबरोबर चोर्ल्याच्या बाजूला गेलो होतो. जीपमधूनच, पण गेलो. बरोबर तिथल्याच एका गावचा माणूस होता. निघण्यापूर्वी मी वही उघडली आणि सगळ्यात आधी त्याचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. मग तारीख. मग वेळ: सकाळी ७.१० ते ११.४०. मग साडेचार तासांत जे दिसलं ते, कावळ्यापासून धनेशापर्यंत, आकड्यांसह. शेवटी हात थोडा अडखळला, पण लिहिलं: ‘गिधाडे – ०.’

ती मुलगी शेजारी उभी होती. या वेळी तिनं ती ओळ उतरवून घेतली.